बीजाणूंपासून नेचे वाढवताना: पानामागच्या ठिपक्यापासून कुंडीतल्या रोपापर्यंत

नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान उलटं केलं की मागे तपकिरी ठिपके दिसतात. कुठे शिरेच्या दोन्ही बाजूंना रांगेत, कुठे पानाच्या कडेने पट्टीसारखे, कुठे अख्ख्या पाठीवर पसरलेले. खवले कीड लागली असं समजून अनेक जण ती पानं कापून टाकतात किंवा त्यावर औषध फवारतात. झाडाची पुढची पिढी खरं तर तिथेच तयार होत असते. फूल नाही, फळ नाही, बी नाही; तरी एका जोमदार पानावर लाखो बीजाणू तयार होतात आणि त्यांच्यापासून घरच्या घरी नेचे वाढवता येतात. झाकणाचा पारदर्शक डबा, स्वच्छता, उजेड आणि सहा महिने ते वर्षभराचा धीर एवढ्यावर काम भागतं.

पण पेरायच्या आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. बीजाणू म्हणजे बी नव्हे. बीच्या आत गर्भ तयार असतो, सोबत शिदोरी असते, भोवती कवच असतं. नर-मादी पेशींचं मीलन आईच्या अंगावर असतानाच उरकलेलं असतं. बीजाणू ही नुसती एक पेशी. आकार बहुधा २० ते ६० मायक्रोमीटर, आत गुणसूत्रांचा एकच संच आणि गर्भाचा पत्ता नाही. ही पेशी रुजली की तिच्यातून नेचा येत नाही. येते ती निराळीच वनस्पती: चपटी, हिरवी, हृदयाच्या आकाराची, पाच ते दहा मिलिमीटर रुंद. तिला प्रोथॅलस म्हणतात. तिला खरी मुळं नाहीत, खोड नाही, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत. पुंपेशी आणि अंडपेशी तयार होतात त्या हिच्यावर. पाण्याच्या पातळ थरातून पोहत पुंपेशी अंडपेशीपर्यंत पोहोचते, दोन्ही संच एकत्र येतात, आणि मग कुठे नेच्याचं रोप सुरू होतं.

म्हणजे पहिले काही महिने आपण नेचा वाढवत नसतो, प्रोथॅलस वाढवत असतो. हे ध्यानात ठेवलं की पुढची प्रत्येक पायरी अशीच का, याचं उत्तर आपोआप मिळतं.

हे कोडं सुटायला माणसाला फार काळ लागला. नेच्याला बी असलंच पाहिजे, ते दिसत नाही म्हणजे ते अदृश्य असणार, आणि ते जवळ बाळगणाराही अदृश्य होणार, अशी युरोपात समजूत होती. पानामागची भुकटी पेरली तर नेचे उगवतात हे जमैकात शल्यचिकित्सक असलेल्या जॉन लिंडसेने दाखवलं. त्याचा लेख १७९४ मध्ये छापला गेला. तरी मधल्या पायरीचं मर्म कळलं नव्हतंच. कार्ल नेगेलीला १८४४ मध्ये प्रोथॅलसवर पुंपेशींच्या पिशव्या सापडल्या, लेश्चिच-सुमिन्स्कीने १८४८ मध्ये अंडपेशीची जागा आणि फलन दाखवलं, आणि १८५१ मध्ये विल्हेल्म होफमाइस्टरने मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष या सगळ्यांत दोन पिढ्या आलटून पालटून येतात हे एका सूत्रात बांधलं. वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी हा एक आहे असं मला मनापासून वाटतं.

पिकलेलं पान ओळखा

प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणुधान्यांचा एक पुंज. एकेक बीजाणुधानी म्हणजे देठावर बसलेली इवलीशी पिशवी. अनेक जातींत पुंजावर पातळ पापुद्रा असतो. नेफ्रोलेपिसमध्ये तो मूत्रपिंडाच्या आकाराचा, होली फर्नमध्ये गोल छत्रीसारखा. हंसराजात पानाची कडच मागे दुमडून पुंज झाकते. बर्ड्‌स नेस्ट फर्नमध्ये पुंज शिरांना लागून लांब रेघांसारखे असतात. पॉलिपोडियमच्या कुळात बहुधा पापुद्रा नसतोच, पुंज उघडेच. स्टॅगहॉर्न फर्नमध्ये पानाच्या टोकांकडे मखमली तपकिरी पट्टा येतो. ऑस्मुंडामध्ये तर बीजाणू धरणारे भागच वेगळे दिसतात, त्यांना हिरवं पातं नसतंच.

दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा, त्याच्याशिवाय या कामात मजा नाही आणि खात्रीही नाही. पुंज फिकट हिरवा किंवा पांढरट असेल तर तो कच्चा आहे. गडद तपकिरी किंवा काळपट, फुगीर आणि भिंगाखाली चकचकीत मण्यांसारखा दिसला तर तो पिकला. पॉलिपोडियम आणि त्याच्या नातलगांत पिकल्याचा रंग सोनेरी पिवळा असतो. पुंज भुरकट, विस्कटलेला, फाटक्या पिशव्यांनी भरलेला असेल तर बीजाणू उडून गेलेले आहेत. नवखी माणसं नेमकं हेच पान उचलतात, कारण ते सर्वांत तपकिरी दिसतं. एकाच पानावर काही पुंज कच्चे, काही पिकलेले आणि काही नुकते फुटू लागलेले असतील तर ते पान उत्तम.

एक सूचना: बाजारात बॉस्टन फर्न म्हणून मिळणारे प्रकार बीजाणूंच्या बाबतीत बहुधा वांझ असतात. त्यांची वाढ धावत्या फुटव्यांवरूनच करायची.

पिकलेला पुंज भिंगाखाली किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वर दिव्याची ऊब द्या आणि पाहत राहा. बीजाणुधानीच्या कडेने जाड भिंतींच्या साधारण डझनभर पेशींचं एक कडं असतं. या पेशींची आतली आणि बाजूची भिंत जाड, बाहेरची पातळ. हवा कोरडी झाली की पेशींतलं पाणी उडू लागतं, पातळ भिंत आत ओढली जाते, कडं आक्रसतं आणि पिशवी फाडत हळूहळू मागे वळतं. पार मागे वळेपर्यंत आतलं पाणी ताणाखाली तग धरून असतं. मग ताण असह्य झाला की पेशींत एकदम बुडबुडे तयार होतात आणि कडं गोफणीसारखं परत पुढे झेपावतं. उघडायला काही सेकंद, मिटायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. बीजाणू सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने बाहेर फेकले जातात. स्नायू नाही, मज्जातंतू नाही, पेशीही मेलेल्या. सगळं काम पाण्याच्या ताणावर. दिवस कोरडा असेल तेव्हाच बीजाणू का सुटतात, आणि पावसात भिजलेलं पान गोळा करण्यात अर्थ का नाही, हे यातून कळतं.

बीजाणू काढणं आणि निवडणं

पानाचा पिकलेला तुकडा कोरडा पुसून गुळगुळीत पांढऱ्या कागदावर पुंज खाली करून ठेवा, वर दुसरा कागद झाका, आणि पंखा नसलेल्या कोरड्या खोलीत एक-दोन दिवस राहू द्या. कागदी पाकिटातही चालतं, पण पाकिटाचे कोपरे चिकटपट्टीने बंद करा. बीजाणू फटीतून सहज निसटतात. प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात दमटपणा साठतो, बुरशी येते आणि भुकटी पिशवीच्या अंगाला चिकटून बसते.

पान उचललं की कागदावर त्याचा ठसा उमटलेला दिसेल. ही सगळी भुकटी बीजाणूंची नसते. फुटलेल्या बीजाणुधान्या, पापुद्र्याचे तुकडे, पानावरची लव असा कचराही त्यात असतो आणि बुरशीची बाधा बहुधा या कचऱ्यातूनच येते. कागद थोडा तिरपा धरून मागून टिचक्या मारा. कचरा भराभर घसरतो, बीजाणू कागदाला धरून राहतात. दोन-तीनदा केलं की मागे अगदी बारीक, एकसारखी धूळ उरते. तेच आपलं धन. बीजाणू जास्त प्रमाणात हाताळत असाल तर तोंडावर मास्क लावा, विशेषतः ब्रॅकन या रानटी नेच्याचे बीजाणू नाकात जाऊ देऊ नका. त्या वनस्पतीत कर्करोगकारक द्रव्य असतं.

लगेच पेरायचं नसेल तर कागदाच्या पुडीत बांधून, नाव आणि तारीख लिहून, हवाबंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. तपकिरी, काळे, पिवळे बीजाणू असे वर्षानुवर्षं टिकतात. हिरव्या बीजाणूंचं तसं नाही. ऑस्मुंडा, ऑस्ट्रिच फर्न आणि पातळ पडद्यासारख्या पानांचे फिल्मी फर्न यांच्या बीजाणूंत हरितद्रव्य आधीपासून असतं, ते उतावळे असतात आणि काही दिवसांत ते काही आठवड्यांत मरतात. ते हाती आले त्याच आठवड्यात पेरा.

डबा आणि माध्यम

प्रोथॅलसची जाडी बहुतेक ठिकाणी एका पेशीएवढीच असते. त्याला सुकण्यापासून वाचवणारं मेणचट आवरण नाही, बुरशीशी किंवा शेवाळाशी झुंजायची ताकद नाही. म्हणून बंद डबा आणि निर्जंतुक माध्यम. या दोन गोष्टींत हयगय केली तर पुढची कुठलीही युक्ती कामाला येत नाही.

झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा साबणाने धुऊन गरम पाण्याने विसळा. चाळलेलं पीट किंवा चांगलं धुतलेलं कोकोपीट घ्या, त्यात थोडी बारीक वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट मिसळा. खत नको, खताने आधी शेवाळ पोसलं जातं. चुनखडीवर वाढणाऱ्या हंसराजासारख्या जातींसाठी चिमूटभर चुना चालतो. ओलसर माध्यम प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास वाफवणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ते जमत नसेल तर डब्यात तीन-चार सेंटिमीटरचा थर पसरून त्यावर उकळतं पाणी ओता, निथळवा, पुन्हा ओता आणि झाकण लावून पूर्ण गार होऊ द्या. (डबा उकळतं पाणी सोसणारा हवा.) मूठभर माध्यम दाबल्यावर एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. पृष्ठभाग सपाट दाबून घ्या, खळग्यांत पाणी साचतं.

ज्यांना रोपांपेक्षा निरीक्षणात जास्त रस आहे त्यांनी चकाकीचा लेप नसलेली मातीची कुंडी घ्यावी. ती उकळून, पाण्याच्या ताटलीत उपडी ठेवून, वर काचेचं भांडं झाकायचं आणि बीजाणू थेट कुंडीच्या ओलसर पाठीवर पेरायचे. प्रोथॅलस स्वच्छ दिसतात, चिमट्याने अलगद सुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मातीचा कण आडवा येत नाही.

पेरणी: जितकी विरळ तितकी चांगली

पंखा बंद करा, खिडक्या लावा, हात धुवा. एका वेळी एकच जात हाताळा, नाहीतर शेजारच्या डब्यातले बीजाणू इकडे येऊन बसतात आणि वर्षभराने भलताच नेचा उगवतो.

किती पेरायचे? समजा डबा १० बाय १५ सेंटिमीटरचा, म्हणजे १५० चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला दहा बीजाणू पुष्कळ झाले. म्हणजे एकूण दीड हजार. नेहमीच्या जातींत एका बीजाणुधानीत ६४ बीजाणू असतात: सोळा मातृपेशी आणि प्रत्येकीच्या अर्धसूत्री (गुणसूत्रांचे संच निम्मे करणाऱ्या) विभाजनातून चार. दीड हजारासाठी पंचवीसेक बीजाणुधान्या पुरतात, आणि तेवढ्या अनेक जातींच्या एकाच पुंजात निघतात. पानामागचा एक ठिपका अख्ख्या डब्याला पुरतो. तरीही लोक अख्ख्या पानाची भुकटी ओततात.

कडक कागदाची घडी करून तिच्या खाचेत चिमटीहूनही कमी भुकटी घ्या आणि पंधरा-वीस सेंटिमीटर उंचीवरून टिचक्या मारत डब्यावर फिरवा. माध्यमावर काही पडल्याचं दिसलंच नाही तर प्रमाण बरोबर आहे. वरून माती टाकू नका. बहुतेक जातींच्या बीजाणूंना रुजायला उजेड लागतो. तांबडा प्रकाश मिळाला की आतली यंत्रणा सुरू होते. मातीत गाडले गेलेले बीजाणू म्हणूनच वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. झाकण लावा, नाव-तारीख लिहा. अर्धे बीजाणू मागे ठेवा, दुसऱ्या डब्यासाठी.

डबा भरपूर उजेडाच्या जागी, पण थेट उन्हापासून लांब ठेवा. बंद डबा उन्हात काही मिनिटांत तापतो आणि आतलं सगळं शिजतं. दिव्याखाली वाढवणार असाल तर साध्या पांढऱ्या एलईडीखाली फूटभर अंतरावर, दिवसाला बारा ते चौदा तास. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस. आणि झाकण उघडू नका. बघायचा मोह झाला तर बाहेरून भिंग लावा.

हिरव्या झाकेपासून हृदयापर्यंत

दोन ते सहा आठवड्यांत माध्यमावर हिरवी झाक येते. आधी प्रत्येक बीजाणूतून एक रंगहीन मूलाभ, म्हणजे मुळासारखा बारीक धागा, बाहेर पडतो, मग हिरव्या पेशींचा छोटा धागा. निळ्या प्रकाशाच्या प्रभावाखाली धाग्याच्या टोकाच्या पेशी वेगवेगळ्या दिशांनी विभागू लागतात आणि धाग्याचं पातं होतं. पात्याच्या पुढच्या कडेला खाच पडते, दोन्ही बाजू फुगतात, हृदय तयार होतं. पेरल्यापासून दोन-तीन महिन्यांत ही हृदयं नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात.

याच टप्प्यावर दाट पेरणीचा खरा तोटा समोर येतो. ब्रॅकनवर काम करताना वॉल्टर ड्योप यांना १९५० मध्ये आढळलं की आधी मोठे झालेले प्रोथॅलस एक रसायन पाझरतात आणि त्याच्या प्रभावाखाली आजूबाजूचे लहान प्रोथॅलस नर होतात. त्या रसायनाला अँथेरिडिओजेन म्हणतात. पुढे ते इतर अनेक नेच्यांतही सापडलं. व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे: जो आधी वाढला आणि ज्याच्याकडे अन्न जास्त, त्याने अंडपेशी सांभाळायची, मागून आलेल्यांनी पुंपेशी पुरवायच्या. शिवाय यामुळे परक्या प्रोथॅलसशी संकर होण्याची शक्यता वाढते. पण खच्चून भरलेल्या डब्यात याचा अर्थ असा की जिभेच्या आकाराच्या, खुरट्या, निव्वळ नर प्रोथॅलसांचा गालिचा तयार होतो आणि महिनोन् महिने रोप येत नाही. दिसायला डबा हिरवागार, हाती काही नाही.

उपाय सोपा आहे. उकळून गार केलेल्या चिमट्याने किंवा चमच्याच्या टोकाने सेंटिमीटरभर ठिगळ उचला आणि नव्या निर्जंतुक डब्यात दोन-दोन सेंटिमीटर अंतराने अलगद दाबून बसवा. जागा मिळाली की कडेचे प्रोथॅलस फुगून हृदयाकार होतात.

पाणी देण्याची वेळ

एक मोठा प्रोथॅलस उलटा करून भिंगाखाली धरा. टोकाकडे केसांसारख्या मूलाभांचं जंगल दिसतं, त्यात गोल फुगे. त्या पुंपेशींच्या पिशव्या. खाचेच्या मागे मधला भाग उशीसारखा जाड, आणि तिथून आखूड, मान वाकवलेल्या नळ्या बाहेर डोकावतात. प्रत्येक नळीच्या तळाशी एकच अंडपेशी. पाण्याचा थेंब टाकला की पिकलेल्या पिशव्या फुटतात आणि मळसूत्रासारख्या वळलेल्या, अनेक कशाभिका (शेपटीसारखे हलणारे धागे) असलेल्या पुंपेशी गरगरत पोहायला लागतात. अंडपेशीच्या नळीकडे त्यांना रसायनाची खूण खेचते. मॅलिक आम्लाकडे त्या ओढल्या जातात हे विल्हेल्म फेफरने १८८४ मध्ये दाखवून दिलं.

हे सगळं प्रोथॅलसच्या खालच्या बाजूला घडतं. म्हणून वरून हलका फवारा मारून भागत नाही, पाणी खाली पोहोचायला हवं. हृदयं पाच मिलिमीटरची झाली की उकळून गार केलेलं पाणी डब्याच्या कडेने सोडा, माध्यमाच्या पृष्ठभागावर पातळ थर चढेल इतकं. अर्धा-पाऊण तास राहू द्या, मग डबा तिरपा करून जादा पाणी काढून टाका. आठवड्यातून एकदा, महिनाभर हे करत राहा. डब्याच्या झाकणावरून ठिबकणाऱ्या थेंबांनीही काही फलन होतं, पण त्यावर विसंबू नये.

एकाच प्रोथॅलसवरच्या पुंपेशीने तिथल्याच अंडपेशीचं फलन केलं तर येणाऱ्या रोपात गुणसूत्रांचे दोन्ही संच हुबेहूब सारखे असतात. एखादा घातक दोष लपून राहिला असेल तर तो अशा रोपात उघडा पडतो आणि रोप मरतं. काही जाती हे सहन करतात, काहींना ते अजिबात मानवत नाही. एकाच जातीच्या दोन वेगळ्या झाडांचे बीजाणू मिसळून पेरले तर हा धोका बराच कमी होतो. मला ही सवय फार मोलाची वाटते.

काही नेच्यांनी तर फलनाची भानगडच ठेवलेली नाही. त्यांच्या प्रोथॅलसवर अंडपेशीशिवाय थेट रोप फुटतं. विल्यम फारलोने १८७४ मध्ये टेरिस क्रेटिकामध्ये हे प्रथम पाहिलं. होली फर्नही याच पंथातला. अशा जातींत एका बीजाणुधानीत बहुधा ३२ बीजाणू असतात आणि त्यांत गुणसूत्रं आईइतकीच असतात. पहिल्यांदा करून पाहणाऱ्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी. पाण्याची पायरी हुकली तरी रोपं येतात.

पहिलं पान आणि पुढे

फलनानंतर काही आठवड्यांनी खाचेतून एक इवलंसं पान वर येतं. ते आईच्या पानासारखं मुळीच दिसत नाही. साधं, पंख्यासारखं किंवा दोन भागांचं असतं. तण समजून उपटू नका. पुढची पानं क्रमाने जास्त विभागलेली येतात. प्रोथॅलस रोपाला सुरुवातीला पोसतो आणि पहिली मुळं धरली की कोमेजून जातो.

तीन-चार पानं आणि दोन-तीन सेंटिमीटर उंची झाली की पुनर्लागवड करा. एकेक रोप सुटं करण्याच्या फंदात न पडता छोटे झुबके हलवा. मुळं अजून केसासारखी असतात. नवीन जागाही आधी झाकलेलीच हवी. मग दोन-तीन आठवडे झाकणाची फट दर काही दिवसांनी थोडी थोडी वाढवत न्या. नव्या पानांवर मेणचट थर धरायला तेवढा वेळ लागतो, एकदम उघडलं तर रोपं दुपारपर्यंत माना टाकतात. द्रवरूप खत द्यायचंच तर नेहमीच्या पाव मात्रेत, आणि उघड्या हवेत स्थिरावल्यानंतर.

बिघडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग माध्यमासकट चमच्याने खरवडून काढा. गुळगुळीत, बुळबुळीत हिरवा किंवा निळसर थर म्हणजे शेवाळ; त्यातून चांगली ठिगळं उचलून नव्या डब्यात हलवणं हाच उपाय. बारीक काळ्या माश्या घिरट्या घालत असतील तर त्यांच्या अळ्या प्रोथॅलस खात आहेत, आणि झाकण नीट बसलेलं नाही. फांद्या फुटलेल्या हिरव्या धाग्यांची जाळी पसरली आणि त्यावर बारीक पानांचे कोंब आले तर ते मॉस आहे. दोन-अडीच महिने काहीच हिरवं दिसलं नाही तर बहुधा पेरला तो कचरा होता, बीजाणू नव्हते.

बी नसलेली बाकीची मंडळी

मॉसमध्ये पारडं उलटं असतं. आपण जो हिरवा मऊ गालिचा पाहतो तीच पुंपेशी-अंडपेशी धरणारी पिढी, म्हणजे नेच्याच्या प्रोथॅलसची जागा घेणारी. फलनानंतर तिच्या टोकावर देठ आणि कुपी उगवते, आणि ती आयुष्यभर आईवरच अवलंबून राहते. कुपीच्या तोंडाशी बारीक दातांची झालर असते. हवेतल्या दमटपणाप्रमाणे ते दात हलतात आणि बीजाणू टप्प्याटप्प्याने सुटतात. पुंपेशींना इथेही पाणीच लागतं, पण मातीतले स्प्रिंगटेल आणि माइट हे इवलेसे जीव त्या एका रोपावरून दुसऱ्यावर नेतात हे २००६ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. मॉस वाढवायचं असेल तर पिकलेली कुपी चुरगळून ओल्या निर्जंतुक मातीवर टाका, बाकी पद्धत वरचीच. मॉसच्या नात्यातल्या चपट्या मार्कॅन्शियाला तर तेवढीही यातायात लागत नाही. तिच्या पात्यावरच्या पेल्यांत हिरव्या टिकल्या असतात, पावसाचा थेंब पडला की त्या उडतात आणि जिथे पडतील तिथे वाढतात.

इक्विसेटमचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहावेत. प्रत्येकाला चार पट्ट्या असतात. काचपट्टीवर श्वास सोडला की त्या गुंडाळतात, सुकल्या की ताणल्या जातात आणि बीजाणू उड्या मारतो. हे बीजाणू हिरवे, त्यामुळे ताजेच लागतात. लायकोपोडियमच्या वाटेला मात्र घरी जाऊ नये. अनेक जातींत त्याची मधली पिढी (प्रोथॅलसची) जमिनीखाली, बुरशीच्या आधाराने, कित्येक वर्षं वाढते. सेलाजिनेला, अझोला, साल्विनिया आणि मार्सिलिया यांच्यात दोन प्रकारचे बीजाणू असतात: लहान ते नर, मोठे ते मादी. मधली पिढी इतकी लहान होते की ती बरीचशी बीजाणूच्या कवचातच राहते.

ज्यांना सहा महिने थांबायचं नाही त्यांनी मार्सिलिया घ्यावी. चार पानांच्या या पाणनेच्याच्या देठाशी कठीण, काळपट, दाण्याएवढ्या कुप्या येतात आणि त्या सुक्या अवस्थेत वर्षानुवर्षं टिकतात. कुपीची कड ब्लेडने किंचित छिला आणि ती ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात टाका. काही वेळात कुपी उघडून आतून पारदर्शक चिकट दोरी बाहेर येते, तिला बीजाणुधान्यांचे पुंज लटकलेले असतात. मोठे पांढरट बीजाणू भिंगातून सहज दिसतात. नर बीजाणूंच्या आत पुंपेशी तयार व्हायला साधारण अर्धा दिवस पुरतो, म्हणून सकाळी पाण्यात टाकलेल्या कुपीवर रात्री सूक्ष्मदर्शक लावा: मोठ्या बीजाणूंच्या टोकाशी असलेल्या चिकट थरात मळसूत्री पुंपेशी शिरताना दिसतील. पाणी खोलीच्या तापमानाचं असावं आणि ताटली झाकलेली. दोन-चार दिवसांनी त्याच ताटलीत बारीक हिरवे कोंब तरंगू लागले की ते ओल्या मातीवर हलवा, मातीवर बोटभर पाणी राहू द्या.